बाटली भरलेलीच होती

होळी होऊन चार दिवस झाले होते. जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ, कुकडीच्या काठावर, कॉलेजातल्या भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची मुलं-मुली घेऊन आम्ही उतरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. नदीचं पात्र अर्धं कोरडं, वर उसाचे फड, आणि काठाच्या दरडीत ती राखेची फिकट पट्टी. भूशास्त्राच्या लोकांना बोरी माहीत आहे ते या पट्टीमुळे. तिच्या वयावरून कितीतरी वर्षं वाद झडले. पण ती आपल्या सह्याद्रीची नाही, पार सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे, हे सांगताना माझा आवाज अजूनही थोडा चढतो. मी नेहमीप्रमाणे चिमूट चिमूट राख एकेकाच्या तळहातावर ठेवत चालले होते. बोटांत चोळली की आधी पिठासारखी मऊ लागते, मग किंचित कचकचते, आणि भिंगाखाली धरली की काचेच्या बारीक कपच्या चमकतात. समुद्र ओलांडून आलेली राख, म्हटलं की दरवर्षी कुणाचे तरी डोळे मोठे होतात. त्या दिवशी माझ्यापुढे हात पसरून उभ्या असलेल्या मुलीचे डोळे मिटले. राख सांडली, ती गुडघ्यांवर बसली आणि बघता बघता आडवी झाली.

बाभळीची होती तेवढी सावली पकडून आम्ही तिला निजवलं. कुणी रुमाल ओला करून आणला, कुणी साखर-मीठ शोधायला गाडीकडे पळालं. पाणी हवं म्हणून मी तिचीच सॅक ओढली. बाजूच्या कप्प्यात एक लिटरची निळी बाटली होती. पहाटे सहाला पुण्यातून निघताना भरलेली. हातात घेतली तेव्हा जड लागली म्हणून बघितलं, तर पाणी गळ्यापर्यंत. सकाळपासून एक घोटही घेतलेला नव्हता. वर मार्चचं ऊन, खाली तापलेला काळा कातळ, आणि जवळ भरलेली बाटली असताना ही मुलगी कोरडी पडली होती. ती उठून बसली, थोडी तरतरी आली, तेव्हा मी जरा रागानंच विचारलं, अगं पाणी होतं ना, मग प्यायली का नाहीस? तिनं आजूबाजूला मुलगे नाहीत ना ते पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"मॅडम, पाणी प्यायलं की जायला लागतं."

परतताना ती ड्रायव्हरकाकांच्या मागच्या सीटवर झोपली होती आणि मी माझं मार्गपत्रक मांडीवर घेऊन बसले होते. ते माझ्याच हातचं. सहा थांबे, प्रत्येकापुढे अक्षांश-रेखांश, काय बघायचं, किती मिनिटं बघायचं. नारायणगावला चहा, आठ ते सव्वाआठ. कुठल्या दरडीवर सकाळचं ऊन पडतं आणि कुठल्या दरडीवर दुपारचं, तेसुद्धा लिहिलेलं. इतक्या निगुतीनं केलेल्या त्या कागदावर, गाडीतल्या चोवीस जणांत चौदा मुली आहेत, याची कुठंही खूण नव्हती. आणि हे पत्रक मी वीस वर्षं करते आहे.

१९९१ साली मी स्वतः विद्यार्थिनी होते, मुलींच्या बाजूला, गाडीच्या मागच्या अर्ध्या भागात बसलेली असायचे. आमच्या वर्गात आम्ही चौघी. फील्डच्या आदल्या संध्याकाळपासूनच आमचं पाणी बंद व्हायचं. कुणी शिकवलेलं नव्हतं, एकमेकींकडे बघून आलं होतं. सकाळच्या चहाला 'नको सर' म्हणायचं. घाटात कुठंतरी सर म्हणायचे, "दोन मिनिटं थांबू रे," आणि मुलगे उतरून रस्त्याच्या कडेला जायचे. आम्ही चौघी जागच्या जागी बसून दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर बघत राहायचो. त्या खिडकीतून पाहिलेले वरंधा घाटातले बेसॉल्टचे थर मला आजही जसेच्या तसे आठवतात, इतक्या निश्चयानं मी त्यांच्याकडे पाहिलं आहे. फील्डहून आलं की दोन दिवसांत उन्हाळी लागायची. आजी धन्या-जिऱ्याचं पाणी करून द्यायची, सब्जा भिजवायची आणि म्हणायची, दगडं बघायला जातेस की दगडं खायला? जळजळ सोसत मी नकाशे रंगवायचे. पाळीचे दिवस फील्डमध्ये आले तर त्याची तऱ्हा वेगळी. वापरलेलं गुंडाळून ठेवायला जागा कुठली? नमुने भरायच्या मांजरपाटाच्या पिशव्या असायच्या, त्यातली एक मी घ्यायचे, वर पेननं 'बेसॉल्ट, क्र. ७' असं लिहायचे आणि बाकीच्या दगडांच्या पिशव्यांत ठेवून द्यायचे. प्रयोगशाळेत पिशव्या उतरवताना क्र. ७ वर कुणाचा हात पडू नये म्हणून मी सगळ्यांच्या आधी धावायचे. सर म्हणायचे, ही मुलगी नमुन्यांची काळजी फार घेते.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा किल्लारी झाली. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, अनंत चतुर्दशीची रात्र नुकती सरलेली. चार-पाच दिवसांत तिकडे जायला एक तुकडी निघाली. यादीत माझं नाव नव्हतं, कुठल्याच मुलीचं नव्हतं. कारण विचारलं तर, "तिथं मुलींची सोय होणार नाही." खरंच होती का सोय? तंबूत, चिखलात, मृतदेहांच्या वासात कुणाचीच नव्हती. मुलगे गेले, आठवड्यानं आले. जमिनीला पडलेल्या भेगांची मापं, घरांच्या भिंती कुठल्या अंगाला कोसळल्या त्याच्या नोंदी, लोकांना काय जाणवलं त्याचे जबाब, असं सगळं घेऊन आले आणि ते कागदावर चढवायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं होतं. मी पंधरा दिवस ते आकडे मांडत बसले. त्या जबाबांत एकही जबाब बाईचा नव्हता. खूप वर्षांनी मी किल्लारीच्या नव्या वसाहतीत गेले, एका घरात बसले, आणि तिथल्या बाईंनी आपणहून सांगितलं, "आधीच्या वर्षी मांडणीवरची भांडी वाजायची की ओ. रातच्याला आवाज यायचा जमिनीतनं. धनी म्हणायचे, उंदरं असतील." भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९९२च्या पावसाळ्यानंतर, त्या भागाला कितीतरी लहान धक्के बसले होते, हे नोंदलेलंच आहे. पण मांडणीवर कुठलं भांडं वाजायचं, किती वाजता, किती वेळ, हे तिला माहीत होतं. आणि तिला विचारायला तेव्हा कुणी गेलं नव्हतं.

समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्या अमेरिकी भूशास्त्रज्ञ मारी थार्प यांच्याविषयी वाचलं तेव्हा मी नोकरीला लागलेली होते. वाचता वाचता अंगावर काटा आला. न्यूयॉर्कजवळच्या लामाँट वेधशाळेत ही बाई नकाशाच्या टेबलावर बसलेली. जहाजं अटलांटिक पार करत खोली मोजायची, पण जहाजावर बायकांना मज्जाव. त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन समुद्रावर जायचे आणि आकड्यांची भेंडोळी थार्प यांच्यापुढे यायची. १९५२च्या सुमाराला अशा सहा आडव्या छेदांच्या, म्हणजे महासागर आडवा पार करताना मोजलेल्या खोलीच्या, रेषा एकाखाली एक मांडताना त्यांना दिसलं, की महासागराच्या मधोमध जी डोंगररांग आहे तिच्या माथ्यावर प्रत्येक छेदात एक खाच आहे. म्हणजे ती एक सलग दरी असणार, म्हणजे जमीन तिथं फाकत असणार. हीझेननी ते उडवून लावलं, म्हणे ही बायकी बडबड आहे. पुढं शेजारच्याच टेबलावर हॉवर्ड फॉस्टर भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडत होते, त्याच प्रमाणात. दोन कागद एकावर एक ठेवून खालून उजेड लावला तर भूकंपांचे ठिपके थार्प यांच्या दरीत ओळीनं जाऊन बसले. समुद्रावर त्या स्वतः गेल्या तोवर साठचं दशक निम्मं सरून गेलं होतं. १९७७मध्ये छापलेला जगाच्या सागरतळाचा तो निळा नकाशा माझ्या खोलीत भिंतीवर आहे. मुली त्याचं कौतुक करतात, आणि मला दर वेळी आधी ते टेबल दिसतं, त्यावर वाकलेली पाठ दिसते. बाई टेबलावर बसूनही एवढं करू शकते, असं या गोष्टीचं तात्पर्य काढणारे मला भेटले आहेत. मला ते मान्य नाही. तिला जहाजावर जाऊ दिलं असतं तर तिनं आणखी काय पाहिलं असतं, हा माझा प्रश्न आहे.

या 'सोय नाही'चा इतिहास मोठा आहे. अंटार्क्टिकाला अमेरिकी नौदल बायकांना न्यायलाच तयार नव्हतं, आणि कारण हेच, तिथं बायकांची सोय नाही. १९६९मध्ये लोईस जोन्स या भूरसायनशास्त्रज्ञ चौघींची तुकडी घेऊन तिकडच्या कोरड्या दऱ्यांत दगड गोळा करायला गेल्या, तेव्हा ती अडचण नाहीशी झाली. दऱ्या त्याच होत्या, थंडी तीच होती. आपल्याकडे खाणींचंही तेच. झरिया, राणीगंजच्या कोळसाखाणींत एके काळी बायका नवऱ्याच्या बरोबरीनं खाली उतरायच्या, डोक्यावरून कोळसा वाहायच्या. १९२९च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्यानं बाहेर काढलं. महायुद्धात कोळसा कमी पडायला लागला तशी बंदी उठली, युद्ध संपल्यावर पुन्हा बसली. १९५२च्या खाण कायद्याच्या ४६व्या कलमानं तर जमिनीखाली बाईला काम नाही, हे पक्कंच केलं. हेतू संरक्षणाचा होता, असं म्हणतात. असेल. पण चंद्रपूरची माझी एक विद्यार्थिनी, कोळसाखाणीतल्या कामगाराची मुलगी, स्तर ओळखण्यात वर्गात सगळ्यांच्या पुढं, तिला हवी होती ती नोकरी मिळाली नाही, कारण ती ज्या खडकाचा अभ्यास करत होती तो जमिनीखाली होता. ती बँकेत लागली. २०१९च्या सुरुवातीला नियम बदलला, तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी बायकांना दिवसा खाली उतरण्याची मुभा मिळाली. २०२१मध्ये झारखंडच्या चुरी खाणीत आकांक्षा कुमारी या खाण अभियंता भूमिगत कामावर रुजू झाल्याची बातमी आली, ती मी माझ्या त्या विद्यार्थिनीला पाठवली. तिनं उत्तरादाखल नुसता नमस्काराचा हात पाठवला. त्या हाताकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

अंटार्क्टिकावरून आईची आठवण येते. १९८४ साल, मी सातवीत. भारताच्या तिसऱ्या मोहिमेतून दोन बायका अंटार्क्टिकाला जाऊन आल्या होत्या, अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता. पंत आपल्या नागपूरच्या, पुण्यात शिकलेल्या, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या. सेनगुप्ता कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञ, गिर्यारोहक. वडिलांनी वर्तमानपत्रातलं कात्रण कापून माझ्या अभ्यासाच्या टेबलावर चिकटवलं होतं. जाड अंगरख्यांतून दोघींचे चेहरे तेवढे दिसत होते. मी ते कात्रण रोज बघायचे. आईनं एकदाच पाहिलं, हात पुसत पुसत, आणि म्हणाली, "एवढ्या बर्फात, एवढ्या पुरुष माणसांत, या बिचाऱ्या परसाकडं कुठं जात असतील गं?" मला इतका राग आला होता. दोन बायका पृथ्वीच्या टोकाला जाऊन आल्या आणि हिला हे सुचतं! सेनगुप्ता शिर्माकर टेकड्यांच्या खडकांवर काम करत होत्या, पंत तिथल्या समुद्रातल्या जीवसृष्टीवर, आणि आई संडासाचं विचारत होती. मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. बोरीहून परतताना गाडीत मला तो प्रश्न आठवला. त्या मोहिमेविषयी विचारण्यासारखा तो पहिला प्रश्न होता. आई चौथी शिकलेली, सातारच्या बाजूची, पण कुठल्याही प्रवासाला निघताना ती आधी हेच विचारायची आणि त्यावरून किती तांब्ये पाणी घ्यायचं ते ठरवायची. आई गेली, आता तिला सांगता येत नाही.

सिमला ऑफिसवरून मी रोज जाते. पुण्यात हे नाव चौकाचं, बसथांब्याचं झालं आहे. ते हवामान खात्याचं ऑफिस आहे, १९२८मध्ये सिमल्याहून इथं आलं म्हणून हे नाव, एवढं जुन्या माणसांना ठाऊक असतं. हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी याच पुण्याच्या खात्यात १९४८मध्ये आल्या, हे मात्र मी कुणाला सांगितलं तर लोक थबकतात. कमला सोहोनींनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी सी. व्ही. रामन यांच्यापुढे धरलेला हट्ट आपल्याला पाठ आहे, अ‍ॅना मणींची गोष्ट नाही. केरळातल्या पीरमेडच्या सधन घरातली ही मुलगी. आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्यांऐवजी तिनं ज्ञानकोश मागितला. पुढं रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर काम करून प्रबंध लिहिला, तर एम.एस्सी. नाही म्हणून पीएच.डी. नाकारली गेली. लंडनला जाऊन त्या हवामानाची उपकरणं शिकून आल्या आणि इथं पुण्यात उपकरण विभागात उभ्या राहिल्या. साधा पर्जन्यमापकसुद्धा तेव्हा बाहेरून यायचा. जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले, ते इथल्याच कार्यशाळेत, इथल्याच कारागिरांकडून घडवून घेतले. ओझोन मोजण्याचं उपकरण केलं, देशभर सूर्यकिरणं मोजणारी केंद्रं उभी केली. १९७६मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

मला त्यांच्या पदापेक्षा ती कार्यशाळा जास्त डोळ्यांपुढे येते. लेथ मशिनचं तेल, पितळेचा किस, ओळीनं पुरुष कारागीर, आणि त्यांच्यामधून चालत जाऊन मापात अर्ध्या मिलिमीटरची चूक दाखवणारी बाई. काय मोजायचं, कशानं मोजायचं, किती चूक खपवून घ्यायची, हे त्या ठरवत होत्या. भूशास्त्रात नेतृत्व म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन. आणि त्याच्याही आधी, गाडी कुठं थांबायची ते कोण ठरवतं, हे बघायला सांगेन. ज्याला स्वतःला कधी खिडकीबाहेर बघत बसावं लागलं नाही, त्याच्या कागदावर तो थांबा येत नाही. सरांचा मला राग नाही. ते फार प्रेमानं शिकवायचे, मला पहिलं भिंग त्यांनीच दिलं. त्यांना दिसलं नाही, एवढंच.

मग मला का दिसलं नाही?

यावर मी बरेच दिवस विचार केला, आणि जे हाती आलं ते सुखाचं नाही. मला दिसत होतं. वीस वर्षं दिसत होतं. पण मी सोसलं होतं, न बोलता सोसलं होतं, आणि त्या सोसण्याचा मला मनातून अभिमान होता. फील्डला जी टिकली ती खरी भूशास्त्रज्ञ, असं आम्ही म्हणायचो. टिकायचं म्हणजे चढ चढायचा, उन्हात उभं राहायचं, पाच किलो दगड पाठीवर वाहायचे. त्या यादीत पाणी न पिणं कधी येऊन बसलं ते कळलंच नाही. एखादी मुलगी फील्ड टाळायला लागली की मी स्टाफरूममध्ये म्हटलं आहे, हिला आवड नाही. किती जणींबद्दल म्हटलं असेन. त्यातल्या किती जणी नंतर माती परीक्षणाच्या किंवा नकाशांच्या टेबलावर गेल्या, किती बँकेत, किती कुठंच नाही. त्यांना आवड नव्हती की त्यांना उन्हाळी लागत होती, हे विचारणं माझ्या हातात होतं.

लहानपणी आमच्या वाड्यात टाकी लावणारी वडारीण यायची. गल्लीच्या तोंडाशीच तिची हाक ऐकू यायची, "टाकीऽऽ लावायची का, पाटा-वरवंट्यालाऽऽ." झोळीतलं पोर उंबऱ्याशी ठेवायची, पाटा उलटा-सुलटा करून हातोडीनं ठिकठिकाणी वाजवून बघायची आणि कान लावायची. एकदा म्हणाली, "ह्यो आतनं तडकलाय, वहिनी, संक्रांतीपस्तोर टिकायचा न्हाई." पौषातच पाटा दुभंगला. तिच्या टाकीखाली ठिणगी उडायची आणि दगडाचा एक जळका वास यायचा, तो वास मला पुढं प्रयोगशाळेत दगड कापताना भेटला तेव्हा मी सुखावून गेले होते. टाकवलेल्या पाट्यावर आई आधी मूठभर तांदूळ वाटून फेकून द्यायची, कच निघून जावी म्हणून. वडारणीला पाणी द्यायची ते वरून, तांब्यातून. ती ओंजळीनं प्यायची, थोडंच. आमच्या आधी चार घरं आणि आमच्या नंतर सहा घरं करायची ती, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आईनं तिला, ये, मोरीत जाऊन ये, असं म्हटल्याचं मला एकदाही आठवत नाही. अंटार्क्टिकावरच्या बायकांची चिंता करणारी माझी आई. आणि मीही तिथंच उंबऱ्यात बसून ठिणग्या बघत होते.

पाऊस झाला, दिवाळी झाली, जानेवारीत पुन्हा बोरी ठरली. या खेपेला मी आणि माझी एक सहकारी आदल्या रविवारी तो सगळा रस्ता करून आलो. नदीपासून सर्वांत जवळची जिल्हा परिषदेची शाळा पाहिली. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं, किल्ली कुणाकडे असते ते शोधण्यात एक तास गेला. मुख्याध्यापक बाईंनी किल्ली हातात ठेवली आणि म्हणाल्या, "आमच्या मुलीही शाळेत पाणी पीत नाहीत, मॅडम. मीच कुलूप काढून टाकते आता." उभा राहणारा छोटा तंबू मागवला, घडी करून पिशवीत बसतो तसला. एक बादली, खुरपं, कागदी पिशव्या. क्षेत्रकार्याच्या साहित्याच्या यादीत हे सगळं मी हातोडा, होकायंत्र, भिंग यांच्या खाली क्रमानं लिहिलं. आमच्या कार्यालयात त्यावर शेरा आला, हे भूशास्त्राचं साहित्य नाही. मी यादी घेऊन स्वतः गेले, बसले, आणि बोरीला काय झालं ते सांगितलं. समोरचे गृहस्थ दोन मुलींचे वडील होते. त्यांनी शेरा खोडला. सगळीकडे एवढ्यावर भागत नाही, हे मला माहीत आहे. मार्गपत्रक या खेपेला मी केलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना करायला दिलं, आणि त्यांनी सहाचे पाच थांबे केले. पहिल्यांदा मला ते कमी वाटले.

गाडीतून उतरताना मागच्या वर्षीची ती मुलगी पुढं होती, नकाशा तिच्याच हातात. दरडीपाशी राखेची चिमूट वाटण्याचं काम मी तिला दिलं. अकराच्या सुमाराला ती माझ्याकडे आली. निळी बाटली तिनं उलटी धरली होती. "मॅडम, संपलं. वर वस्ती आहे, तिथं बघू का?" मी तिच्याबरोबर गेले. उसाच्या कडेनं पायवाट होती, वर दोन पत्र्याची घरं. ओसरीवर एक आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी हंड्यातून बाटली भरून दिली, आम्हाला बसायला पोतं टाकलं, गूळ पुढं केला आणि विचारलं, नदीत रोज कोण ना कोण येऊन खणतंय, तिथं आहे तरी काय? मुलीनं खिशातली नमुन्याची पुडी उघडली. सांगायला लागली, आजी, ही राख आहे, लांब समुद्रापलीकडं एक डोंगर फुटला होता, कितीतरी हजार वर्षं झाली असतील. आजींनी चिमूट उचलली, बोटांत चोळली, उजेडाकडे धरली.

"ही व्हय? हिनं तर आम्ही तांब्या-पितळंची भांडी घासायचो. पर जपून. जोर लावला की वरखडे पडायचे, काचंवानी."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग वही काढली, मांडीवर ठेवली. "आजी, भांड्यांची राख तुम्ही इथूनच न्यायच्या, नदीवरनं?"

"न्हाई गं. नदीवरली खरबरीत, वाळू असती तिच्यात. चांगली मऊ त्या वगळीत मिळायची, आंब्याच्या अंगाला." त्यांनी हातानं पूर्वेकडे दाखवलं. त्या बाजूला आमच्या नकाशावर काहीच नव्हतं.

"दाखवाल?"

आजींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि काठी घेतली. मी त्यांच्या मागं, आणि माझ्या मागं ती, चालता चालता बाटलीतलं पाणी पीत.